खालच्या सिलिंडरचा दाब

सोमवारी सकाळी सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, दोन धक्क्यांच्या मधोमध, पिवळ्या पिंपाजवळ, मावशीच्या होडीचं इंजिन बंद पडलं. होडीत आठ उतारू होते. वल्ही दोन होती.

पिवळं पिंप म्हणजे खोल पाण्याची खूण म्हणून साखळीने जखडलेलं तरंगतं पिंप. अठरा मिनिटांच्या फेरीत ते अकराव्या मिनिटाला लागतं. त्याच्या थोडं आधी इंजिन अडखळायला लागलं, मागे काळपट धूर सुटला आणि दोन-तीन उचक्या देऊन सगळं शांत झालं. मावशीने सुरू करायची दोरी ओढली. एकदा नाही, अकरा वेळा. दोरी हाताला जड लागायला हवी होती. ती उसवलेल्या शिवणीतून धागा निघावा तशी अलगद येत होती. हे मावशीच्या हाताला कळलं होतं, पण त्याचा अर्थ तिला मंगळवारी कळला.

पाण्याची ओढ मागे, आपल्याच धक्क्याकडे होती. हेडसरांनी एक वल्हं घेतलं, इस्पितळातल्या सिस्टरने दुसरं. पाववाल्याने लाकडी ट्रेमधले पाव इतरांच्या मांडीवर वाटून टाकले आणि रिकाम्या ट्रेने पाणी मारायला सुरुवात केली.

"मावशी, उद्यापासून तिकीट तुम्ही काढा," तो म्हणाला, "होडी आम्ही चालवतो."

सात वाजून पंचवीस मिनिटांनी होडी परत लागली. मावशीने एकेकाची माफी मागितली. आठांपैकी एकानेही कपाळाला आठी घातली नाही. सिस्टर म्हणाली, "आमच्या वॉर्डाची लिफ्ट आठवड्यात दोनदा अडकते. तिने अजून एकदाही माफी मागितलेली नाही." मावशी हसली. मग घरी येऊन, दार लावून, पाच मिनिटं नुसती बसून राहिली.

कारण धक्क्यावरच्या कार्यालयाचा नियम साधा होता. ठरलेली फेरी सलग तीन दिवस चुकली आणि चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाची फेरी पलीकडे लागली नाही, तर पाळी दुसऱ्या होडीला जाते. फेरी लागली म्हणजे पलीकडच्या कारकुनाची सही झाली पाहिजे. पाळीसाठी एका नव्या फायबरच्या होडीचा अर्ज आठ महिन्यांपासून पडून होता. सोमवारच्या रकान्यात कारकुनाने 'अपूर्ण' असं लिहिलं, आणि लिहिताना मावशीकडे पाहिलं नाही. तो माणूस वाईट नव्हता. गुरुवारपर्यंत मुदत होती.

इंजिन सव्वीस वर्षांचं. दोन सिलिंडरचं, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं, होडीच्या मागच्या फळीला अडकवायचं. मावशीच्या संसाराहून ते चार वर्षांनी लहान. त्यातली चोवीस वर्षं ते तिच्या नवऱ्याने चालवलं. त्याला दोन्ही धक्क्यांवर कप्तान म्हणत, आणि इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो दुखणं सांगत असे. त्याच आवाजाने त्याचे कान खाल्ले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि परवाना गेला. कानात घालायचं यंत्र आणलं. ते शिट्ट्या मारायचं, म्हणून खणात गेलं. मग चौपन्नाव्या वर्षी मावशीने परीक्षा दिली, पहिल्या खेपेला पास झाली आणि सुकाणूवर बसली.

कप्तानाकडे दोर बांधणं, होडी धुणं आणि एक दिवसाआड संध्याकाळी पंचवीस लिटरच्या कॅनमध्ये पेट्रोल आणि तेल मिसळणं एवढं काम उरलं. तेल अर्धा लिटर. त्यासाठी खिळ्याने रेघ मारलेला एक पत्र्याचा पेला होता. हे काम तो देवघरात वावरावं तशा गंभीरपणे करत असे.

सोमवारी दुपारी त्याने प्लग बदलले. दोन महिन्यांत पाचव्यांदा. इंजिन सुरू झालं, चार मिनिटं चाललं आणि बंद पडलं. तेव्हा मावशीने दिराला फोन केला.

धाकटा दीर दीड तासावर राहायचा, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. थोरल्या भावाने त्याचं नाव लहानपणीच मापाडी ठेवलं होतं, कारण तो मापल्याशिवाय काही बोलत नसे. जेवायला किती वेळ आहे विचारलं तर घड्याळ बघून सांगायचा. मंगळवारी नऊ वाजून दहा मिनिटांनी तो पिशवी घेऊन घराच्या मागच्या शेडमध्ये आला. इंजिन तिथे लाकडी घोडीवर टांगून ठेवलं होतं.

"वहिनी, आधी काय झालं ते सांगा. क्रमाने. तुम्हाला काय वाटतं ते नको, काय झालं ते."

"अहो भावोजी, आत या, चहा तरी घ्या."

"चहा क्रमात तिसरा."

मावशीने सांगितलं. दोरी अलगद येत होती म्हणाली तेव्हा त्याने मान वर केली. "हे अकरा वेळा?"

"अकरा वेळा."

"मोजलंत. बरं केलंत. या घरात माझ्याशिवाय कोणी तरी मोजतं."

कप्तान शेजारी उभा राहून दोघांच्या ओठांकडे बघत होता. त्याच्याशी बोलायला घरात एक पाटी होती. मापाडीने पाटीवर लिहिलं, 'प्लग किती वेळा बदललेस?' कप्तानाने पाच बोटं दाखवली.

"ताप आला की हा पेशंटची गादी बदलतो," मापाडी मावशीला म्हणाला.

"ऐकलं मी," कप्तान मोठ्याने म्हणाला. त्याला ऐकू आलेलं नव्हतं, पण सख्खा भाऊ कधी काय बोलतो हे त्याला कानांशिवाय कळायचं.

मापाडीचा क्रम ठरलेला होता. आधी दाब, मग ठिणगी, मग पेट्रोल. दाबात खोट असेल तर बाकीच्यावर घालवलेला वेळ वाया, असं त्याचं म्हणणं. त्याने दोन्ही प्लग काढले, त्यांच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवल्या, थ्रॉटल पूर्ण उघडलं आणि वरच्या सिलिंडरच्या भोकात दाब मोजायचं गेज फिरवून बसवलं. मावशीला दोरी ओढायला सांगितली. पाच वेळा, सारख्या जोराने.

काटा एकशे बारावर थांबला.

गेज खालच्या सिलिंडरला लावलं. पाच वेळा ओढलं. चौसष्ट.

"परत," मापाडी म्हणाला.

चौसष्ट. तिसऱ्यांदा त्रेसष्ट. त्याने तिन्ही आकडे दाराच्या चौकटीवर खडूने लिहिले. मग चमचाभर जाड तेल खालच्या सिलिंडरमध्ये सोडलं आणि पुन्हा ओढायला सांगितलं. काटा एक्क्याण्णववर गेला.

"हे बघा वहिनी. आत दट्ट्या वरखाली होतो, त्याच्याभोवती रिंगा असतात, बांगड्यांसारख्या. त्यांनी भिंतीला घट्ट चिकटून दाब धरायचा. आता तेलाने फट भरली, दाब वाढला. म्हणजे गळती रिंगांजवळून आहे. वरच्या झाकणाची पट्टी गेली असती तर तेल घालून काही फरक पडला नसता."

"रिंगा झिजल्या?"

"झिजल्या, तुटल्या, नाहीतर घाण बसून आपल्या खाचेत अडकल्या. यातलं कुठलं ते अजून माहीत नाही. माहीत नाही ते सांगणार नाही."

झिजल्या असतील तर नवे भाग मागवायला दहा दिवस. मावशीने बोटांवर गुरुवार मोजला आणि बोटं पदरात लपवली.

मग ठिणगी. एक छोटी नळी होती, तिच्यात दोन टोकांमधलं अंतर कमी-जास्त करता येत होतं. वरच्या सिलिंडरची ठिणगी आठ मिलिमीटरची फट निळी, कडकडीत ओलांडून गेली. खालची पाच मिलिमीटरलाच धापा टाकत होती, पिवळी, मध्येच गायब. मापाडीने ठिणगीची वीज तयार करणाऱ्या दोन्ही कॉइल काढल्या आणि एकमेकींच्या जागी लावल्या. आता वरची ठिणगी पिवळी झाली आणि खालची निळी.

"दुखणं कॉइलबरोबर गेलं," तो म्हणाला. "दादा, दार लाव. खिडकीवर पोतं टाक."

हे त्याने पाटीवर लिहिलं. दुपारी बाराच्या उन्हात शेडमध्ये अंधार करून तिघं उभी राहिली. मावशीने दोरी ओढली. त्या कॉइलमधून निघणाऱ्या जाड वायरीवर, जिथे ती एका पत्र्याच्या पकडीला घासत होती, तिथून एक बारीक निळा धागा उडी मारून धातूवर पडला. पुन्हा ओढली, पुन्हा पडला. प्लगपर्यंत जायची वीज वाटेतच गळत होती.

कप्तानाने ते पाहिलं आणि भावाच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याच्या हातातली नळी पडली. "मी असतो तर आवाजावरून सांगितलं असतं," तो ओरडला.  मापाडीने पाटीवर लिहिलं, 'असतास तर नक्की.' कप्तानाने ते वाचलं आणि वाचून झाल्यावरही बराच वेळ पाटी हातात धरून ठेवली.

तिसरं पेट्रोल. चहाची शेगडी मापाडीने स्वतः उचलून घरापलीकडे नेऊन ठेवली. "आज चहा लांब. नाहीतर गुरुवारची काळजीच उरायची नाही." टाकीतलं पेट्रोल त्याने बोटांवर घेतलं. ते उडून गेल्यावर बोटं चिकट राहिली. त्याने बोटं एकमेकांना लावून पाहिली. मग बरोबर दोनशे मिलीलिटर पेट्रोल उथळ ताटात ओतलं आणि ताट शेडच्या छपरावर उन्हात ठेवलं.

"पेट्रोल उडून जाईल," तो म्हणाला. "तेल राहील. दोनशेत चार मिलीलिटर राहायला हवं."

संध्याकाळी साडेपाचला त्याने सिस्टरकडून आणलेल्या सुईशिवायच्या सिरिंजने ताटातलं तेल ओढून मोजलं. बारा मिलीलिटर. तिप्पट.

मावशी तेव्हा घरात होती. खिडकीतून तिला दिसलं की मापाडी कप्तानाला घेऊन शेडच्या मागे गेला. पाटीवर काही लिहिलं. कप्तान बोलत होता, पण त्याला जेवढं हळू बोलता येतं तेवढं हळू, त्यामुळे शब्द पोचले नाहीत. मावशी दारात आली तेव्हा मापाडीने पाटी बाहीने पुसली.

कप्तान पाणी आणायला गेल्यावर मावशीच मापाडीकडे गेली. तिने हात धुतलेले होते तरी ती ते पदराला पुसत होती.

"भावोजी, तेल जास्त झालंय ना?"

"तिप्पट."

"त्यात माझा हात आहे."

मापाडीने हातातला स्पॅनर खाली ठेवला. मावशीने एका दमात सांगून टाकलं. गेल्या वर्षी एका सकाळी कॅन उघडला तेव्हा पेट्रोल फिकं दिसलं होतं. तेलाने ते हिरवट व्हायला हवं. तिला वाटलं, हे तेल घालायला विसरले. विचारायचं कसं? ओरडून विचारलं तर अख्ख्या धक्क्याला कळणार, पाटीवर लिहिलं तर त्यांच्या डोळ्यांसमोर राहणार. म्हणून तिने स्वतःच पेलाभर तेल घातलं. त्यानंतर प्रत्येक कॅनला, पहाटेच्या अंधारात, ती आपला एक पेला घालत आली. त्यासाठी वेगळी बाटली आणून होडीतल्या बाकाखालच्या कप्प्यात ठेवली.

"रंग पुन्हा पाहिलात?"

 नव्हता पाहिला. एकदा फिकं दिसल्यावर तिने पुन्हा बघितलंच नव्हतं. पहाटे अंधार असतो हे खरं, पण बॅटरी हाताशी असायची.

"यांच्याकडे एवढंच एक काम उरलंय, भावोजी. ते मी कसं काढून घेऊ? मी म्हटलं, तेल राहिलं तर इंजिन जळून जाईल. जास्त झालं तर काय, धूरच होईल ना?"

मापाडीने तिच्याकडे पाहिलं. मग तो हसायला लागला. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले, मग त्याला घोडीच्या पायाशी बसावं लागलं. डोळे पुसत तो म्हणाला, "वहिनी, काही नाही, काही नाही. हे असंच मला. दिवसभर पेट्रोलच्या वासात राहिलं की होतं."

"यांना सांगू नका."

"नाही सांगणार." तो पुन्हा हसला. "शपथेवर. आणखी एक शपथ वाढली, एवढंच."

मावशीला हे बोलणं कळलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिने हिशेब केला. दोनशेत चार, हे कप्तानाचं. चार तिचं. चार आणि चार आठ. ताटात बारा होतं.

बुधवार सकाळ. खालच्या सिलिंडरमध्ये मापाडीने आदल्या संध्याकाळीच घाण सोडवायचं औषध भरून ठेवलं होतं. आता त्याने भोकासमोर जुनं फडकं धरलं आणि दोरी ओढायला सांगितली. फडक्यावर डांबरासारखं काळं पाणी उडालं. त्याने पुन्हा औषध भरलं, तीन तास थांबला, पुन्हा ओढलं. या वेळी करडं.

"दोन दुखणी होती," तो म्हणाला. खडूने चौकटीवर काही लिहीत होता, मावशीकडे बघत नव्हता. "तेल जास्त, ठिणगी कमी. कमी ठिणगीने जास्त तेल जळेना. न जळलेल्याची काजळी झाली, ती खालच्या रिंगांच्या खाचेत बसली. रिंगा अडकल्या, दाब गेला. दाब गेला म्हणून आणखी कमी जळलं. दादा नवीन प्लग लावायचा, चार दिवस बरं चालायचं आणि खरं दुखणं झाकलं जायचं. एकच खोट असती तर दोन महिन्यांपूर्वीच पकडली असती. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होत्या."

आपल्या शेडमधल्या एका मेलेल्या इंजिनाची, याच बनावटीची कॉइल त्याने आणली होती. ती बसवली. वायर पत्र्याला घासू नये म्हणून तिच्यावर रबराची नळी चढवली. दाब मोजला. वरचा एकशे बारा. खालचा अठ्ठ्याऐंशी.

"वाढला!" मावशी म्हणाली.

"वाढला. म्हणजे रिंगा तुटलेल्या नाहीत, अडकलेल्या होत्या. पण वरच्या-खालच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक चालत नाही. हा एकवीस आहे."

टाकी धुतली. नवीन पेट्रोल आणलं. मोठ्या पिंपात पाणी भरून त्यात इंजिनाचा पंखा बुडवला. दोरी आता जड लागत होती. मावशीला इतका आनंद झाला की तिने ती उगाच एकदा हळूच ओढून पाहिली, सुरू न करता, नुसतं तिचं अडणं हाताला लागावं म्हणून. मग जोरात. तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं.

आधी धूर आला, मग धूर पातळ झाला. मापाडी कान देऊन उभा होता. कप्तान पुढे आला आणि त्याने दोन्ही तळवे इंजिनाच्या झाकणावर ठेवले. डोळे मिटले. मावशीला आठवेना त्याने हे आधी कधी केलं होतं का. गेली दोन वर्षं तो धक्क्यावर उभा राहून होडी जाताना बघायचा, चालत्या इंजिनाला हात लावायची त्याच्यावर वेळच आली नव्हती.

मापाडीने रबरी हातमोजा घालून खालच्या प्लगची वायर उपसली. इंजिन लगेच पडल्यासारखं झालं. "एक," कप्तान डोळे न उघडता म्हणाला. वायर परत बसली. कप्तान काही वेळ तसाच थांबला.

"दोन्ही," तो म्हणाला. "दोन्ही चालतायत."

इंजिन तासभर चालवून थंड होऊ दिलं आणि पुन्हा मोजलं. वरचा एकशे चौदा. खालचा शहाण्णव. फरक जवळपास सोळा टक्के.

"उद्या चालेल का भावोजी?"

"चालवल्याने रिंगा आणखी मोकळ्या होतात. पिंपात ओझं नसतं, पाण्यात आठ माणसं असतात. होय म्हणण्याइतकं मी मोजलेलं नाही."

"नाही म्हणण्याइतकं?"

"तेवढंही नाही."

संध्याकाळी नवा कॅन भरायची वेळ झाली. मापाडीने दोघांना समोर बसवलं, पाटी मांडीवर घेतली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं. लिहिता लिहिता मावशीसाठी वाचतही होता. "जुनं इंजिन. यापुढे मिश्रण एकट्याने करायचं नाही. एकाने तेल ओतायचं, त्याच वेळी दुसऱ्याने कॅन हलवायचा. ओतून झालं की भिंतीवर तारीख आणि दोघांची खूण. खूण असेल तर कॅनला कोणी हात लावायचा नाही."

"का?" कप्तानाने विचारलं.

"कारण," मापाडी म्हणाला, आणि पाटीवर लिहिलं, "या वयाच्या इंजिनाला तेल थरात बसलेलं चालत नाही. एकट्याला ओतणं आणि हलवणं जमत नाही."

मावशीने दिराकडे पाहिलं. सव्वीस वर्षं कप्तानाने आधी ओतलं होतं, मग झाकण लावून हलवलं होतं, आणि इंजिनाने कधी तक्रार केली नव्हती. जो माणूस चौसष्ट आणि त्रेसष्ट वेगळे लिहितो, त्याने न मापलेली एक गोष्ट तोंडाने सांगितली होती आणि वर लिहूनही दिली होती. मापाडीने तिची नजर चुकवली आणि खडू दोन्ही हातांनी झटकला.

कप्तानाने पेला रेघेपर्यंत भरला आणि ओतला. मावशीने कॅन हलवला. पेट्रोल हिरवट झालं. या वेळी तिने बॅटरी लावून नीट बघितलं. भिंतीवर तिने तारीख घातली, आपली खूण केली, खडू त्याच्याकडे दिला. कप्तानाने खूण केली आणि मागे सरून ती न्याहाळली. त्याचे खांदे खाली आले, दिवसभराचं ओझं उतरवून ठेवल्यासारखे.

"बरं झालं," तो म्हणाला. त्याला वाटत होतं तो हळू बोलतोय. "अगं, मला हल्ली आठवायचंच नाही, तेल घातलं की नाही. वर्ष झालं. म्हणून मी घातलं की थोड्या वेळाने परत येऊन आणखी एक पेला घालायचो. म्हटलं, राहिलं तर इंजिन जळून जाईल. जास्त झालं तर काय, धूरच होईल ना?"

मावशीच्या हातातली बॅटरी तशीच लागलेली राहिली. चार, चार आणि चार.

मापाडी शेडच्या दारात पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे पुन्हा हलत होते.  मावशी आत गेली, चहा केला, दिरासाठी कप काठोकाठ भरला आणि त्याच्या हातात देताना म्हणाली, "तुमचा क्रमातला तिसरा. दीड दिवस उशिरा."

"साखर किती घातलीत?"

"मोजली नाही."

"तरीच बरा लागतोय," मापाडी म्हणाला.

गेल्या वर्षीच्या त्या सकाळी तेल खरंच राहिलं होतं, की पहाटेच्या उजेडात तिला तसं वाटलं, हे आता कळायला मार्ग नाही. मावशीने रात्री ठरवलं की आपलंही सांगून टाकायचं. मग ठरवलं की उद्याची फेरी झाल्यावर सांगायचं. मग तिला वाटलं की सांगितलं तर तो हसेल, किंवा हसणार नाही. या दोन्हींत एवढं अंतर होतं की ते मोजायला दीरही उपयोगाचा नव्हता. शेजारी कप्तान गाढ झोपला होता. तिने त्याच्या पांघरुणाचं टोक सारखं केलं आणि कूस बदलली.

गुरुवारी सकाळी सहा वाजता धक्क्यावर दोन होड्या होत्या. फायबरच्या होडीचा मालक, चांगला बोलणारा तरुण माणूस, उतारूंना म्हणत होता की आज या, उगाच धोका नको, त्यांचं इंजिन तुम्हाला माहीतच आहे. त्यात खोटं काही नव्हतं. सिस्टर, हेडसर, पाववाला आणि बाकीचे पाच जण मावशीच्या होडीजवळ उभे होते. पाववाल्याच्या हातात दोन ट्रे होते.

"एक पावाचा," तो म्हणाला, "एक वल्ह्याचा."

"मेल्या, अपशकुन नको करूस," सिस्टर म्हणाली आणि पहिली चढली.

मावशी प्रत्येकाला हात देऊन आत घेत होती. आठव्या माणसाला आत घेताना तिने त्याचा हात जरा जास्त वेळ धरला. मापाडी धक्क्यावर घड्याळ घेऊन उभा राहिला. कप्तान दोर सोडून रोजच्यासारखा मागे सरला नाही. तो होडीत उतरला, इंजिनाजवळ बसला आणि झाकणावर एक तळवा ठेवला. 

सहा वाजून तीस मिनिटांनी कारकुनाने सुटल्याची नोंद केली. ओझ्याखाली इंजिनाचा आवाज बदलला, जड झाला, पण तुटला नाही. धूर करडा होता, मग जवळजवळ दिसेनासा झाला. सिस्टरने सवयीने रुमाल नाकाशी नेला आणि तसाच परत ठेवला. तेलाची दुसरी बाटली अर्धी भरलेली, मावशीच्या पायाशी, बाकाखालच्या कप्प्यात होती.

सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पिवळं पिंप डाव्या हाताला आलं.  मावशीने कप्तानाकडे पाहिलं. त्याने डोळे मिटलेले होते. तळवा न हलवता त्याने दुसरा हात वर केला आणि दोन बोटं दाखवली.

पिंप मागे पडलं. खालच्या सिलिंडरचा दाब शेवटचा मोजला तेव्हा शहाण्णव होता. पुढचं माप दहा तास चालल्यावर घ्यायचं ठरलं आहे. पलीकडचा धक्का सात मिनिटांवर होता.